पणजी : राजधानीच्या वास्तू, पेठा आणि बाजार

देशातील राज्यांच्या राजधान्यांत पणजी हे अगदी लहान शहर. मांडवीच्या डाव्या तीरावर, पूर्वेला रुआ द ओरेंच्या काठची खाडी, पश्चिमेला सांतइनेजचा ओहोळ आणि पाठीशी आल्तिनोची टेकडी, एवढ्या चौकटीत तिचा मूळ गाभा सामावलेला आहे. हा गाभा पायी फिरायला अर्धा दिवस पुरतो. तरीही पेडणे, सत्तरी, सांगे किंवा काणकोणहून कामानिमित्त शेकडो वेळा राजधानीत आलेल्या गोमंतकीयाने ती नीट पाहिलेली असतेच असे नाही. कदंब स्थानकावर उतरावे, कचेरीतील काम उरकावे आणि परतीची बस पकडावी, हा बहुतेकांचा शिरस्ता. बाहेरगावचा पर्यटक किनाऱ्यांवर रमतो आणि पणजीला एखादी संध्याकाळ देतो. या दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांसाठी शहरातील प्रमुख वास्तू, खरेदीचे रस्ते आणि बाजार यांची ही ओळख.

ताळगावचा वाडा ते राजधानी

पणजी हा मुळात ताळगावचा एक वाडा. सखल खाजन जमिनी, माडांच्या बागा आणि नदीकाठी एक गढीवजा राजवाडा, असे तिचे सोळाव्या शतकाच्या आरंभीचे रूप. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि पुढे त्यांची राजधानी आजचे जुने गोवे ही झाली. तेथील रोगराई आणि उतरती कळा यांमुळे व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीच्या राजवाड्यात हलवला. त्यापूर्वीच, १६३० च्या दशकात, काउंट ऑफ लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कमानींचा दगडी बांध झाला होता. पाटोहून रायबंदरकडे जाणारी वाहने आजही त्याच बांधावरून धावतात. बसमधून जाणाऱ्याला आपण पावणेचारशे वर्षांहून जुन्या पुलावर आहोत याची सहसा कल्पना नसते.

शहराची आजची आखणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील. दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रो याच्या कारकिर्दीत (१८२६ ते १८३५) दलदली बुजवल्या गेल्या, सरळ रस्ते काढले गेले आणि सरकारी इमारती उभ्या राहिल्या. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. बुजवलेल्या दलदलीवर शहर वसल्याचा एक परिणाम पाहुण्याला पावसाळ्यात हमखास दिसतो. मुसळधार पाऊस आणि नदीची भरती एकाच वेळी आली की पाण्याला नदीकडे जायला वाट उरत नाही. मग अठरा जून मार्ग आणि मळा या सखल भागांत पाणी साचते.

चर्च चौक आणि जुने सचिवालय

फेरफटक्याचा आरंभ चर्च चौकातून करणे सोयीचे. टेकडीच्या कुशीत उभे असलेले मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च ही शहराची ओळखखूण. येथे १५४१ मध्ये लहान प्रार्थनागृह होते. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याचे मोठे चर्च झाले. लिस्बनहून येणारे खलाशी जुन्या गोव्याकडे जाण्यापूर्वी येथे सुखरूप पोहोचल्याबद्दल प्रार्थना करीत, असे सांगतात. समोरचा नागमोडी दुहेरी जिना मात्र नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. मधल्या कमानीत टांगलेली प्रचंड घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची आहे. मठ ओस पडल्यावर ती येथे आणली गेली. ८ डिसेंबरला चर्चचे फेस्त असते. त्या दिवसांत चौकात आणि लगतच्या रस्त्यांवर फेरी भरते.

चौकासमोरच्या उद्यानाला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिला. भारतातील औषधी वनस्पती व मसाल्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतात छापखाना १५५६ मध्ये प्रथम गोव्यात आला हे लक्षात घेतले, तर हा ग्रंथ देशातील सर्वांत जुन्या छापील पुस्तकांपैकी एक ठरतो.

चौकातून नदीकडे पाच मिनिटे चालले की जुने सचिवालय लागते. युसुफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास बांधलेला हा राजवाडा शहरातील सर्वांत जुनी वास्तू मानली जाते. १७५९ ते १९१८ या काळात तो व्हाइसरॉय व गव्हर्नरांचे निवासस्थान होता. नंतर तेथे सचिवालय आले. गोवामुक्तीनंतर विधानसभेची अधिवेशनेही येथेच भरत. दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळापासून घटकराज्याच्या स्थापनेपर्यंतच्या अनेक वादळी चर्चा या वास्तूने ऐकल्या. २००० मध्ये विधानसभा पर्वरीच्या नव्या संकुलात गेली. आता ही वास्तू सांस्कृतिक उपक्रमांसाठी वापरली जाते.

वाड्याच्या शेजारी एक विलक्षण पुतळा आहे. खाली कोसळणाऱ्या स्त्रीवर हात रोखून उभा असलेला हा पुरुष म्हणजे आबे फारिया. १७५६ मध्ये कांदोळी येथे जन्मलेला हा गोमंतकीय पाद्री पॅरिसमध्ये संमोहनशास्त्राचा एक आद्य प्रवर्तक ठरला. संमोहन हे करणाऱ्याच्या अंगच्या शक्तीमुळे घडत नसून ज्याच्यावर ते होते त्याच्या मनातील सूचनेमुळे घडते, हे त्याचे प्रतिपादन पुढील काळात मान्य झाले. अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतील कैदी पाद्र्याला त्याचेच नाव आहे. हा पुतळा १९४५ मध्ये रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवला.

आझाद मैदानाच्या भोवती

जुन्या सचिवालयापासून पश्चिमेस थोड्याच अंतरावर आझाद मैदान आहे. मैदानातील खांबांचा मंडप पूर्वी आफोंसो द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी उभारला होता. त्याचे खांब जुन्या गोव्यातील पडक्या धर्मवास्तूंमधून आणलेले आहेत. मुक्तीनंतर आल्बुकेर्कचा पुतळा जुन्या गोव्यातील संग्रहालयात गेला आणि मैदानाची ओळख स्वातंत्र्यलढ्याशी जोडली गेली. येथे हुतात्मा स्मारक आहे. गोव्यातील राष्ट्रीय चळवळीचे अध्वर्यू त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारकही येथेच आहे. आजही एखाद्या प्रश्नावर निदर्शने करायची असोत की सभा घ्यायची असो, राज्यभरातील लोक याच मैदानात जमतात.

मैदानालगतच्या लांबलचक इमारतीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. १८७१ मध्ये वास्को द गामाच्या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेला मुक्तीनंतर पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव देण्यात आले. प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेज फरशांची चित्रमालिका आहे. कामोंइश या कवीच्या ‘ओस लुझियादस’ या महाकाव्यातील प्रसंग जॉर्ज कोलासो या चित्रकाराने त्यावर रेखाटले आहेत. अनेक पर्यटक आझुलेजच्या छोट्या फरशा दुकानांतून विकत घेतात, पण चार पावलांवरची ही मालिका न पाहताच जातात.

याच इमारतीत पूर्वी मध्यवर्ती ग्रंथालय होते. १८३२ मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय देशातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आता ते पाटो येथील प्रशस्त नव्या वास्तूत आहे आणि त्याला कृष्णदास शामा यांचे नाव आहे. केळशीच्या या कवीने १५२६ मध्ये रचलेली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ ही गोमंतकातील मराठी ग्रंथरचनेची एक आद्य खूण. कदंब स्थानकावरून हे ग्रंथालय चालत गाठता येते. बससाठी तास-दोन तास थांबावे लागले, तर वेळ घालवण्यासाठी याहून चांगली जागा जवळपास नाही.

चर्च चौकाच्या दक्षिणेस श्रीमहालक्ष्मीचे देवस्थान आहे. तिसवाडीतील मंदिरे सोळाव्या शतकात पाडली गेल्यानंतर दीर्घ काळ शहरात उघडपणे देवालय बांधण्यास मुभा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पणजीत हे देवस्थान उभे राहिले, म्हणून शहराच्या सामाजिक इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

फोंताइन्हास आणि मळा

टेकडीचा पूर्व उतार आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताइन्हास वसले आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून हे नाव आले. हा झरा म्हणजेच मळ्यातील फोंत फेनिक्स. एकेकाळी येथे माडांची बाग होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे वस्ती वाढत गेली. लाल कौलांची उतरती छपरे, रस्त्याकडे झुकलेले सज्जे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पिवळे, निळे, तांबडे रंग आणि दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या ही त्याची वैशिष्ट्ये. पांढरा रंग चर्चसाठी राखीव असे आणि घरे दरवर्षी पावसाळ्यानंतर रंगवावी लागत, असे सांगितले जाते.

वस्तीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचे लहान कपेल आहे. त्यातील क्रूस आवर्जून पाहावा. तो जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. धर्मन्यायसभा बरखास्त झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये या कपेलात. बहुतेक क्रूसमूर्तींमध्ये ख्रिस्ताचे डोळे मिटलेले व मान कललेली असते. येथे डोळे उघडे आहेत. आरोपीला धाक बसावा म्हणून ते तसे घडवल्याचे मानतात.

कपेलाच्या वरच्या अंगाला, मळ्यावर दिसणारे मारुती मंदिर आहे. जत्रेच्या दिवसांत संपूर्ण मळा दिव्यांनी उजळतो आणि रस्त्यांवर खेळण्यांची, खाजे-लाडवांची दुकाने लागतात. एकतीस जानेवारी मार्गावरील १९३० पासूनची जुनी बेकरी आणि रुआ द ओरेंवरील पुराभिलेख खाते ही या भागातील आणखी दोन ठिकाणे. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील आपले संशोधन गोव्यातील पुराभिलेखांच्या आधारेच उभे केले. शिवशाही आणि पेशवाईच्या अभ्यासकांना या दफ्तराकडे वळावेच लागते.

फोंताइन्हास हा संवर्धन विभाग आहे आणि तेथे माणसे राहतात. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हाच आज त्या वस्तीपुढचा मोठा प्रश्न. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे येथे रोज मोठी गर्दी उसळते. लग्नापूर्वीच्या छायाचित्रांसाठी कपडेपट घेऊन आलेली मंडळी परक्या घराच्या पायरीवर बसतात, दारापुढे गाड्या लावतात, खिडकीतून आत डोकावतात. अनेक घरांवर ‘छायाचित्रे काढू नयेत’ असे फलक लागले आहेत. म्हातारी माणसे दुपारी दार उघडून बसेनाशी झाली, घरे एकामागून एक अतिथिगृहे आणि उपाहारगृहे होऊ लागली, तर रंग राहतील पण वस्ती उरणार नाही. पाहुण्याने येथे सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर पायी यावे, वाहन बाहेर ठेवावे, घराचे छायाचित्र हवे असल्यास माणसाला विचारावे आणि पायरी ही घराचाच भाग आहे हे ध्यानात ठेवावे.

अठरा जून मार्ग आणि पेठा

खरेदीचा मुख्य रस्ता म्हणजे अठरा जून मार्ग. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह केला. त्या दिवसाचे हे नाव. चर्च चौकापासून सांतइनेजकडे जाणाऱ्या या रस्त्यावर कापड, पादत्राणे, चष्मे, सोने, औषधे, काजू, मिठाई अशी सर्व प्रकारची दुकाने आहेत. त्याला समांतर जाणारे डॉ. आत्माराम बोरकर मार्ग व महात्मा गांधी मार्ग आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या मिळून शहराची व्यापारी पेठ होते. रस्त्यांची नावे वाचत गेले तरी गोव्याच्या गेल्या शतकाचा इतिहास उलगडत जातो. बांदोडकर, कुन्हा, पिसुर्लेकर, बोरकर ही नावे त्यात भेटतात.

पणजीची जुनी दुकाने दुपारी बंद असतात. साधारण एक ते साडेतीन-चार हा विसाव्याचा काळ. रविवारी तर पेठेचा बराचसा भाग बंद असतो. बाहेरून येणाऱ्याने खरेदी सकाळी किंवा चारनंतर ठेवावी आणि दुपार जेवणाला व वास्तू पाहण्याला द्यावी.

न्याहारीसाठी चर्च चौकाच्या आसपासच्या जुन्या कॅफेंना पर्याय नाही. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स भाजी, सोबत पाव किंवा बन आणि वाफाळता चहा, ही पणजीची खरी ओळख. टेबलावर जागा मिळेल तेथे अनोळखी माणसासमोर बसायची येथे पद्धत आहे. कचेरीतला कारकून, वकील, पत्रकार आणि बाजारात आलेली भाजीवाली एकाच बाकावर भेटतात. पुस्तकप्रेमींसाठी चौकातील सिंगबाळ बुक हाऊस हे जुने ठिकाण.

पेठेतील सर्वाधिक खपाची वस्तू म्हणजे काजू. येथे थोडी सावधगिरी हवी. गोव्याबाहेरून, अगदी आफ्रिकेतूनही आलेला काजू ‘गोव्याचा’ म्हणून विकला जातो. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही फसवणूक रोखण्याचाही हेतू होता. वेष्टनावरील उत्पादकाचे नाव व गाव वाचून, सालासकट भाजलेला थोडा काजू चाखून मगच खरेदी करावी. फेणीला हे मानांकन २००९ मध्येच मिळाले. मानकुराद आंबा आणि बेबिंक यांनाही ते २०२३ मध्ये लाभले. हस्तकलेच्या वस्तूंसाठी सरकारी हस्तकला महामंडळाचे ‘अपरान्त’ हे विक्रीकेंद्र आहे. कुंकळ्ळीचे लाखकाम, डिचोलीची मातीची व पितळेची भांडी, करवंट्यांच्या वस्तू आणि तांबड्या चौकड्यांची कुणबी साडी पाहायची असेल तर आधी तेथे जावे. दर आणि दर्जा यांचा अंदाज येतो.

महापालिका बाजार

राजधानीचे खरे दर्शन महापालिका बाजारात घडते. अठरा जून मार्ग आणि मांडवी यांच्या मधल्या भागात कांपालच्या बाजूला हा बाजार आहे. त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांच्या रेषांतील गोमंतकीय माणसे आहेत. आत शिरले की तीच माणसे प्रत्यक्षात दिसतात.

तळमजल्यावर भाजी, फळे, फुले आणि किराणा. लगतच मासळी बाजार. मधल्या वाटांवर पाट मांडून बसलेल्या गावठी भाजीवाल्या हा या बाजाराचा गाभा. तांबडी भाजी, वाल, चवळीच्या शेंगा, मुळा, ताळगाव-आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, माडी, सुरण, कोकमाची आमसुले, खोल्याची मिरची, गावठी केळी असा माल त्यांच्यापुढे असतो. आगशीची वांगी आणि सात शिरांची भेंडी यांना भौगोलिक मानांकन आहे, पण भाजीवालीला त्याची जाहिरात करावी लागत नाही. गिऱ्हाईक वांगे उचलून पाहते आणि ओळखते. गठ्ठ्याने आणि वाट्याने विकण्याची पद्धत अजून आहे. वजनकाट्याची सवय असलेल्या पाहुण्याने वाटा आणि त्याचा दर आधी विचारून घ्यावा. थोडी घासाघीस चालते, पण सकाळी पाचला घर सोडून आलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नये एवढे तारतम्य असावे.

फुलबाजारात अबोली आणि शेवंतीच्या वेण्या मिळतात. पाववाल्याकडे उंडो, काकणां आणि कोंड्याची पोयी असते. चवरीस म्हणजे डुकराच्या मांसाच्या माळा एका ओळीत टांगलेल्या दिसतात. सुक्या मासळीच्या दुकानांत सुंगटे, गालमो, खारे बांगडे असतात. मासळी घेणाऱ्याने सकाळी दहाच्या आत पोहोचावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ताजी मासळी कमी आणि महाग मिळते.

या बाजाराची चिंता करण्यासारखी एक बाजू आहे. गावठी माल पिकवणारी शेते आणि कुळागरे कमी होत आहेत. बेळगावहून येणारी भाजी राज्याची मोठी गरज भागवते. बाजारात बसणाऱ्या बहुतेक भाजीवाल्या वयस्कर आहेत आणि त्यांच्या मुली-सुना दुसऱ्या व्यवसायांत गेल्या आहेत. मॉलमधून भाजी घेणाऱ्या नव्या पिढीला गावठी आणि घाटावरची यांतला फरक ठाऊक नसेल, तर हा पाट एक दिवस उठणार आहे. पाहुण्याने येथून किलोभर आमसुले किंवा वाटाभर मिरची घेतली तर ते पैसे थेट पिकवणाऱ्या हातात जातात. स्मरणवस्तू म्हणूनही ती चिनी मातीच्या चुंबकापेक्षा जास्त टिकते.

ऋतूंचे बाजार

पणजीचा बाजार वर्षभर सारखा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत मानकुराद, फणस, करवंदे, जांभळे आणि हुर्राक यांचे दिवस. पावसाच्या तोंडावर पुरुमेंताची धांदल असते. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरची, आमसुले, उकडे तांदूळ, चिंच आणि लोणच्याच्या कैऱ्या घरात भरून ठेवण्याची ही जुनी रीत. पावसाने जोर धरला की रानातून आलेली अळमी पानांत बांधून विकायला येतात. त्यांचा भाव ऐकून नवखा माणूस चकित होतो, पण ती काही तासांतच संपतात. वारुळांवरची ही अळमी काढल्यामुळे त्यांची पुढील पैदास घटते, याकडे वनस्पती अभ्यासक लक्ष वेधत आले आहेत.

श्रावणात अष्टमीची फेरी भरते. लाकडी पाट, आडोळ्या, खाटा, कपडे, भांडी आणि खेळणी घेण्यासाठी शहर लोटते. त्यापाठोपाठ चवथीचा माटोळी बाजार. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी सुपारीचे घोस, नारळाची पेंड, आंबाडे, तोरंजन, कवंडळ, कांगला, हळदीची पाने आणि नाना तऱ्हेची रानफळे विकायला येतात. सत्तरी, सांगे, फोंडा भागांतील बायका ती रानातून गोळा करून आणतात. ज्यांना गोव्याच्या वनस्पती एका जागी पाहायच्या असतील, त्यांनी चवथीच्या आधीचे दोन दिवस पणजीत घालवावेत. जे विकले जाते त्यातले किती रानात उरले आहे, हेही त्याच वेळी विक्रेत्यांना विचारता येते.

कांपाल, मिरामार आणि नदीकाठ

बाजारातून पश्चिमेकडे निघाले की कांपाल लागते. येथील जुनी वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत देखणी आहे. १८४२ मध्ये स्थापन झालेली ‘एश्कोला मेदिका’ ही आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकशिक्षणाची एक जुनी संस्था. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला गेल्यावर या परिसराचे रूप पालटले. २००४ पासून पणजीत भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे तो केंद्र झाला.

पुढे मांडवीच्या काठी कला अकादमी. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू नदीच्या दिशेने मोकळी आहे. दारातून आत येणारा माणूस तिकीट न काढताही पलीकडच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकतो, ही तिच्या रचनेतली मुख्य कल्पना. येथील नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. मराठी नाटक, नाट्यस्पर्धा आणि अभिजात संगीताच्या मैफली यांच्याशी गोव्याचे नाते या रंगमंचाने जपले. पणजीत मुक्काम असेल तर त्या दिवशीचा कार्यक्रम पाहून संध्याकाळ ठरवावी.

मिरामारच्या किनाऱ्यावर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. येथेच मांडवी समुद्राला मिळते. पोहण्यापेक्षा फिरण्यासाठी हा किनारा बरा. आणखी पुढे दोनापावलचा धक्का. ‘एक दूजे के लिए’ या चित्रपटामुळे तो देशभर ठाऊक झाला.

परतताना नदीकाठच्या दयानंद बांदोडकर मार्गावर निळ्या रंगाची जुनी जकात कचेरी दिसते. तेथे सीमाशुल्क खात्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याचे ‘धरोहर’ दालन २०२२ मध्ये खुले झाले. तस्करीतून जप्त केलेल्या मूर्ती, नाणी आणि माल लपवण्याच्या नाना युक्त्या पाहताना मुलेही रमतात. समोर नदीत कॅसिनोंची जहाजे नांगरलेली असतात. ती मांडवीतून हलवावीत ही मागणी अनेक वर्षांपासून होत आली आहे. त्यांच्यामुळे काठावरील वाहतूक, रोषणाई आणि गर्दी यांचे स्वरूपच बदलले. ज्यांना नदी पाहायची आहे त्यांनी जवळच्या धक्क्यावरून बेतीची फेरीबोट घ्यावी. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात जुने सचिवालय, चर्चचा कळस, आल्तिनोची झाडी आणि मांडवीवरचे पूल एका नजरेत येतात. या पुलांपैकी पहिला ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता. तेव्हा उत्तर गोव्याचा सारा भार याच फेरीबोटींनी वाहिला. नव्या अटल सेतूवरून २०१९ पासून वाहने शहराला वळसा घालून जातात.

पाहुण्यासाठी काही सूचना

सर्वांत जवळचे रेल्वेस्थानक करमळी. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरून पणजीला बस व टॅक्सी मिळते. शहरात स्वतःची गाडी आणल्यास ती पाटो किंवा कांपालच्या वाहनतळावर ठेवून पायी फिरणे शहाणपणाचे. पेठेत जागा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. चर्च व देवळांत अंगभर कपडे असावेत आणि प्रार्थना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. पावसाळ्यात भरतीची वेळ पाहून अठरा जून मार्गाचा बेत आखावा.

एका दिवसाचा क्रम असा ठेवता येईल : सकाळी आठला चौकातील कॅफेत भाजीपाव, नऊला महापालिका बाजार, नंतर आझाद मैदान, आझुलेज आणि जुने सचिवालय, दुपारी जेवण व ग्रंथालय किंवा जकात संग्रहालय, चारनंतर फोंताइन्हास व मळा, दिवेलागणीला अठरा जून मार्ग आणि रात्री कला अकादमीत नाटक असेल तर नाटक.

विधानसभा पर्वरीस गेली, वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस गेले, उच्च न्यायालयाचे खंडपीठही २०२१ मध्ये नदीपार पर्वरीला गेले. राजधानीची बरीच कामे अशी शहराबाहेर पडली. पण चवथीची माटोळी, पुरुमेंताची सुकी मासळी आणि सकाळची पातळ भाजी यांसाठी माणसे अजून पणजीतच येतात. बाजाराचे पाट दुपारी एकच्या सुमारास उचलले जातात. जे पाहायचे ते त्याआधी पाहावे.